ट्रेकिंगच्या कपड्यांचा छोटा ब्रँड, पर्यावरण जपून: कापडाच्या ताक्यापासून दुरुस्तीपर्यंत

पावसाळी जॅकेट, ट्रेक पँट, विंडचीटर असं काही स्वतःच्या नावाने शिवून विकायचं ठरवलं आहे आणि ते नदी-नाल्यांवर भार न टाकता करायचं आहे, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पहिला लॉट शंभर ते तीनशे नगांचा, कापड बाजारातून किंवा मिलकडून घेतलेलं, शिलाई जॉबवर्कवर, विक्री ऑनलाइन आणि थोडीफार दुकानांतून, असा धंदा आम्ही इथे धरला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. जॅकेटचा पर्यावरणावरचा बहुतेक बोजा ते गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधीच पडून गेलेला असतो: धागा बनवताना, कापड विणताना आणि सर्वांत जास्त डोळ्यांना दिसणारा, रंगाई-प्रक्रियेत. तो बोजा परत घेता येत नाही, पण जॅकेट दोनऐवजी आठ पावसाळे चालवता येतं. म्हणून टिकाऊपणा आणि दुरुस्ती आधी, रिसायकल धागा आणि हिरवा टॅग नंतर. बरेच नवे लोक नेमकं उलट करतात.

आधी ही फाईल तयार करा

- उद्यम नोंदणी प्रमाणपत्र (सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका) आणि जीएसटी नोंदणी
- कापडाचं बिल आणि प्रत्येक ताक्याचा लॉट नंबर
- कापडाचं तांत्रिक माहितीपत्रक: वजन (जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम), धाग्याचं डेनियर (जाडीचं माप), कोटिंगचा प्रकार, पाणीरोधक फिनिशचं नाव
- रंगाई करणाऱ्या युनिटच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राची प्रत
- प्रमाणित कापड असेल तर स्कोप सर्टिफिकेट आणि ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, दोन्ही (फरक भाग ४ मध्ये)
- एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे चाचणी अहवाल
- शिलाई युनिटबरोबरचा लेखी करार, कतरणीचं काय करायचं या कलमासह

### १. कपडा कुठे वापरला जाणार ते आधी ठरवा

परदेशी ब्रँडचं जॅकेट समोर ठेवून त्याची नक्कल केली की पहिली चूक होते. ते जॅकेट थंड आणि तुलनेने कोरड्या हवेसाठी बनलेलं असतं. जुलैमध्ये हरिश्चंद्रगडावर किंवा राजमाचीच्या वाटेवर हवेतली आर्द्रता इतकी असते की ‘श्वास घेणारं’ महागडं मेम्ब्रेनही (पाणी अडवून बाष्प सोडणारा पातळ पडदा) घाम बाहेर टाकू शकत नाही, कारण आत आणि बाहेर बाष्पाच्या दाबात फरकच उरत नाही. त्यामुळे आपल्याकडे काखेतली झिप, पाठीवरचं झाकलेलं व्हेंट आणि सैल कट यांचा उपयोग मेम्ब्रेनच्या आकड्यांपेक्षा जास्त होतो. शिवाय साध्या कोटिंगचं जॅकेट दुरुस्त करणं सोपं पडतं.

दुसरा शत्रू काटे. करवंदीच्या जाळीतून आणि घाणेरीतून जाताना २० डेनियरचं तलम कापड पहिल्याच ट्रेकला फाटतं. खांदे, कोपर आणि पँटचा बसायचा भाग इथे ७० डेनियर किंवा त्याहून जाड रिपस्टॉप (चौकटीत जाड धागे विणलेलं, फाट पसरू न देणारं कापड) घ्या. वजन पन्नास-साठ ग्रॅमने वाढेल, वाढू द्या.

### २. कापड घेताना विचारायचे प्रश्न

मोठ्या अंगाच्या जॅकेटला ५८ इंच पन्ह्याचं साधारण दोन ते सव्वादोन मीटर कापड लागतं. म्हणजे शंभर नगांना सव्वादोनशे मीटरच्या आसपास. मिल बहुतेक वेळा एका रंगाला याच्या कितीतरी पट कापड घ्यायला लावते. तिथे दोन मार्ग आहेत. एक, निर्यातीच्या ऑर्डरमधून उरलेलं कापड घेणं. भिवंडी आणि सुरतच्या व्यापाऱ्यांकडे ते मिळतं. आधीच बनलेलं कापड वापरात येतं हा त्याचा फायदा, पण माहितीपत्रक बहुधा मिळत नाही, त्यामुळे चाचण्यांचा खर्च तुमच्या माथी येतो. दुसरा, रंग कमी करणं. पहिल्या वर्षी दोनच रंग ठेवले तर मिलची किमान ऑर्डर आवाक्यात येते, न खपलेला माल उरत नाही आणि दुरुस्तीला जुळणारं कापड ठेवणंही सोपं जातं.

पॉलिएस्टर घेणार असाल तर ‘डोप डाइड’ मिळतं का विचारा. यात धागा काढतानाच रंग मिसळलेला असतो, त्यामुळे नंतर १३० अंशांच्या गरम पाण्यात रंगाई करावी लागत नाही आणि रंगाचं सांडपाणीही निघत नाही. उन्हात रंगही कमी उडतो. काळा, राखाडी, नेव्ही असे मोजकेच रंग लहान खरेदीदाराला मिळतात. पावसाळी जॅकेटला काळ्याचा हट्ट मात्र धरू नका. धुक्यात माणूस दिसला पाहिजे. बाहेरचं कापड राखाडी ठेवून टोपीला आणि खांद्याला भडक रंगाची पट्टी द्या.

कोटिंगबद्दलचा प्रश्न तर विसरूच नका: पॉलीयुरेथेन पॉलिएस्टर प्रकारचं आहे की पॉलीइथर प्रकारचं? कोकणात माळ्यावर घडी करून ठेवलेला रेनकोट दोन-तीन वर्षांत आतून चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे पडतात. आर्द्रतेने पॉलिएस्टर प्रकारच्या कोटिंगची साखळी तुटते, त्याचा हा परिणाम असतो. पॉलीइथर प्रकार दमट हवेत बराच जास्त टिकतो. पापुद्रे सुटलेल्या कोटिंगवर दुरुस्ती नाही, जॅकेट कचऱ्यातच जातं. त्यामुळे या एका प्रश्नाचं उत्तर रिसायकल धाग्याच्या टक्केवारीपेक्षा महत्त्वाचं आहे. विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर नमुना प्रयोगशाळेत उष्ण-दमट हवेतल्या चाचणीला टाका.

जलरोधकतेचा आकडा पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. सॅकचा पट्टा खांद्यावर दाबत असताना तासन्‌तास पाऊस झेलायचा तर १०,००० मिमी धरा. ५,०००च्या खालचं कापड शहरातल्या सरींपुरतं ठीक.

### ३. पाणी झटकणारं फिनिश: तेलाचा थेंब टाकून बघा

पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात ते कापडाच्या बाहेरच्या फिनिशमुळे. अनेक दशकं हे फिनिश फ्लोरिनयुक्त रसायनांचं, म्हणजे पीएफएएस कुळातलं होतं. ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, पाण्यात आणि रक्तात साठतात. त्यातली पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात, म्हणजे अशा टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात, समाविष्ट झाली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत पीएफएएस मुद्दाम वापरायला बंदी आहे. फक्त अतितीव्र पावसासाठीच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत मुदत दिली आहे, तीही तसं लेबलवर लिहून. अमेरिकेतल्या मराठी गिऱ्हाइकांना माल पाठवायचा विचार असेल तर हे आजच लक्षात घ्या.

सापळा असा की विक्रेता सांगतो, ‘पीएफओए-फ्री आहे.’ ते खरंही असतं. पण आठ कार्बनची साखळी सोडून सहा कार्बनची घेतली तरी कापड पीएफओए-फ्री म्हणवता येतं, आणि ते फ्लोरिनयुक्तच राहतं. तुम्हाला हवं ते ‘सी-झीरो’, म्हणजे फ्लोरिनविरहित. माहितीपत्रकावर फिनिशचं व्यापारी नाव लिहून घ्या आणि ते बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीशी ताडून बघा.

तेवढ्यावर न थांबता दुकानातच एक साधी परीक्षा करा. नमुन्याचा तुकडा सपाट ठेवा. एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाका, शेजारी खाण्याच्या तेलाचा. एक मिनिट थांबा. पाणी दोन्ही प्रकारांवर गोल राहील. तेलाकडे बघा: ते पसरून कापडात मुरलं आणि काळपट डाग पडला तर फिनिश बहुधा फ्लोरिनविरहित आहे. तेलाचाही थेंब पाण्यासारखा गोल उभा राहिला तर फ्लोरिन असण्याची दाट शक्यता. ही परीक्षा माल नाकारायला पुरेशी आहे, जाहिरातीत दावा करायला नाही. दाव्यासाठी प्रयोगशाळेतून एकूण ऑर्गॅनिक फ्लोरिन मोजून घ्या. कॅलिफोर्नियाची मर्यादा २०२५ पासून १०० पीपीएम (दहा लाखांत शंभर भाग), २०२७ पासून ५०.

फ्लोरिनविरहित फिनिशची उणीवही गिऱ्हाइकाला सांगितली पाहिजे. ते तेल झटकत नाही, त्यामुळे मानेचा घाम, सनस्क्रीन, चुलीचा धूर यांनी जागोजागी निकामी होतं आणि कापड भिजल्यासारखं दिसतं. लोकांना वाटतं जॅकेट गळतं. उपाय धुलाईत आहे: सौम्य साबण, दोनदा खळबळणं, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, वाळल्यावर सुती कापड मध्ये ठेवून कोमट इस्त्री. उष्णतेने फिनिश पुन्हा जागं होतं. हे सगळं आतल्या लेबलवर मराठीत छापा.

### ४. प्रमाणपत्रं: कोणतं काय सांगतं

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

ओईको-टेक्स स्टँडर्ड १०० हे तयार कापडात शरीराला अपायकारक रसायनं मर्यादेत आहेत एवढंच सांगतं. कारखान्याने सांडपाणी कुठे सोडलं याच्याशी त्याचा संबंध नाही. हे प्रमाणपत्र वर्षभरच चालतं, आणि त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ब्लूसाइन ही स्विस पद्धत कारखान्यात आत जाणाऱ्या रसायनांपासून तपासणी करते, त्यामुळे आउटडोअर कापडात तिला वजन आहे. जीआरएस (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड) रिसायकल धाग्यासाठी: प्रमाणनाला किमान २० टक्के रिसायकल अंश चालतो, पण गिऱ्हाइकाला दिसेल असा लोगो लावायला किमान ५० टक्के लागतो. जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) सेंद्रिय तंतूंसाठी, किमान ७० टक्के. लेबलवर थेट ‘सेंद्रिय’ म्हणायला ९५.

आता कागदांमधला फरक. स्कोप सर्टिफिकेट म्हणजे ती मिल प्रमाणित माल बनवायला पात्र आहे. तुम्हाला विकलेला ताका प्रमाणित आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या विक्रीचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागतं, ज्यात खरेदीदार, वजन आणि बिल क्रमांक असतो. विक्रेते स्कोप सर्टिफिकेटची रंगीत प्रत दाखवून साधं कापड खपवतात. ऑर्डर देतानाच लिहून घ्या की ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट मिळाल्यावरच शेवटचा हप्ता. माल गेल्यावर ते मागत बसलात तर महिने जातात. २०२० मध्ये जीओटीएसने भारतात बनावट कागदपत्रांवर प्रमाणित ठरलेला सुमारे २०,००० टन कापूस उघडकीस आणला, तेव्हा कागदावरचा क्यूआर कोड स्कॅन करून मूळ नोंद बघण्यात संकोच नको.

आणखी एक. साखळीतला प्रत्येक दुवा प्रमाणित असावा लागतो. मिल जीआरएस आहे पण तुमची शिलाई पिंपरीच्या अप्रमाणित युनिटमध्ये झाली, तर साखळी तिथेच तुटली. कपड्यावर जीआरएसचा लोगो लावता येणार नाही. पहिल्या लॉटला लोगोचा नाद सोडा, कागद मात्र जपून ठेवा.

### ५. रंगाई कुठे होते ते जाऊन बघा

कापड तयार घेतलंत तरी ते कुठे रंगलं हे विचारा, आणि स्वतः रंगवून घेणार असाल तर युनिट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. सांडपाण्याने इचलकरंजीला पंचगंगा नदीचं काय झालं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. तिरुपूरला नोय्यल नदी इतकी बिघडली की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली रंगाई युनिट बंद करायला लावली, आणि एक थेंबही सांडपाणी बाहेर न सोडण्याची व्यवस्था केल्यावरच ती पुन्हा सुरू करू दिली.

कापडाची रंगाई प्रदूषण मंडळाच्या ‘रेड’, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी उद्योगांच्या, प्रवर्गात मोडते. युनिटमध्ये गेल्यावर हे बघा:

- संमतिपत्राची मुदत संपलेली नाही ना, आणि त्यात मंजूर केलेलं रोजचं पाणी प्रत्यक्ष कामाशी जुळतं का
- सांडपाणी स्वतःच्या प्रक्रिया केंद्रात जातं की सामुदायिक केंद्रात. सामुदायिक असेल तर सभासदत्वाची पावती
- प्रक्रिया केंद्राच्या वेगळ्या वीज मीटरचं गेल्या सहा महिन्यांचं वाचन
- गाळ कुठे जातो: तळोजा किंवा रांजणगावसारख्या धोकादायक कचरा केंद्रात पाठवल्याचा फॉर्म १० (कचऱ्याच्या वाहतुकीची नोंद)

विजेचं वाचन सगळ्यात बोलकं. पंप आणि ब्लोअर चालले नाहीत तर मीटरवर विजेचे युनिट पडत नाहीत, वहीत काहीही लिहिलेलं असो. आणि भाव करताना एक ध्यानात ठेवा: किलोमागे दोन-चार रुपये घासून कमी केलेत तर ते पैसे सर्वांत आधी प्रक्रिया केंद्राच्या विजेतून आणि रसायनांतून वाचवले जातात. बिलही वेळेवर चुकवा.

### ६. कटिंग आणि शिलाई

पहिला नमुना खऱ्या कापडात कापू नका. मांजरपाटात शिवा, सॅक पाठीला लावून, हात वर करून, बसून बघा. फिटिंग पक्कं झाल्यावरच ताका उघडा.

कटिंगमध्ये साधारण १० ते २० टक्के कापड कतरणीत जातं. कटिंग मास्टरकडून मार्करची (कापडावर तुकडे मांडायच्या आराखड्याची) टक्केवारी, म्हणजे किती कापड कामी आलं ते, लेखी घ्या आणि वेगवेगळी मापं एकाच मार्करवर मिसळून लावायला सांगा. मोठ्या मापाच्या मोकळ्या जागेत लहान मापाचे खिसे, पट्ट्या बसतात. एकाच दिशेची छपाई असलेलं कापड टाळा, तुकडे उलटे फिरवता येत नाहीत. तळव्याहून मोठी कतरण पिशवीत भरून परत मागवा: खिशाचं अस्तर, जॅकेट ठेवायची थैली, दुरुस्तीची ठिगळं यातून निघतात. कोटिंगची कतरण सुती चिंध्यांत मिसळू देऊ नका, तिने भंगारवाल्याचा सगळा ढीग निकामी होतो.

शिवणीला पॉलिएस्टर धागा, ११ किंवा १२ नंबरची सुई, सेंटीमीटरला तीन-चार टाके. टाके दाट घातले की शिवण मजबूत होईल असं वाटतं, पण प्रत्येक टाका कोटिंगला एक भोक पाडतो आणि दाट भोकांच्या रेषेवर कापड फाटतं. शिवणीवरची टेप (सुईची भोकं बुजवणारी पट्टी) कोटिंगशी जुळणारीच हवी. कापडाच्या आतल्या बाजूला सिलिकॉन असेल तर टेप धरतच नाही. तीन शिवणी एकत्र येतात तिथे, म्हणजे काखेत आणि टोपीच्या मुळाशी, गळती हमखास सुरू होते. प्रत्येक दहाव्या नगाचा तो भाग पाण्याने भरून दहा मिनिटं टांगा आणि खालून बोट फिरवून बघा.

### ७. चाचण्या

घाटकोपरची बीटीआरए, वरळीची सास्मिरा आणि मुंबईतलीच वस्त्रोद्योग समितीची प्रयोगशाळा छोट्या ग्राहकांचेही नमुने घेतात. पहिल्या लॉटला एवढं पुरे: जलदाब (आयएसओ ८११), फवारा चाचणी (आयएसओ ४९२०) नव्या कापडावर आणि दहा धुण्यांनंतर, फाटण्याची ताकद, घर्षण आणि धुण्यातला रंगाचा पक्केपणा. दहा धुण्यांनंतरचा आकडाच खरा. नवं कापड जवळपास सगळंच उत्तम गुण मिळवतं.

### ८. पॅकिंग

प्लास्टिकच्या पिशवीऐवजी कागद वापरला आणि जुलैत कुरिअर भिजलं तर जॅकेट परत येतं, वाहतूक दुप्पट होते. आतली पारदर्शक पिशवी काढा, जॅकेट स्वतःच्याच थैलीत गुंडाळा आणि बाहेर एकच जाड, पुन्हा चिकटवता येणारं पाकीट ठेवा. ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ पिशव्या घेऊ नका, त्यांचे नुसते बारीक तुकडे होतात. कंपोस्ट होणारी म्हणून विकली जाणारी पिशवी आयएस १७०८८ प्रमाणे असावी आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असावं.

तुमच्या नावाने माल विकला जातो म्हणजे प्लास्टिक कचरा नियमांत तुम्ही ‘ब्रँड ओनर’ ठरता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी काही तरतुदी वेगळ्या आहेत, म्हणून उद्यम प्रमाणपत्र जोडून मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर फायलीत लावा.

### ९. टॅगवर काय लिहायचं

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी फसव्या पर्यावरणीय दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘सस्टेनेबल’ असे मोघम शब्द नुसते वापरता येत नाहीत. नेमकं काय आणि कशाच्या आधारावर ते सांगावं लागतं. पुरावा क्यूआर कोडमधून दाखवला तरी चालतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

चूक: ‘१०० टक्के रिसायकल जॅकेट’.
बरोबर: ‘बाहेरचं कापड रिसायकल पॉलिएस्टर. अस्तर, झिप, धागा आणि कोटिंग नवीन.’

चूक: ‘केमिकल-फ्री’. असं कोणतंच कापड नसतं.
बरोबर: ‘पाणीरोधक फिनिश फ्लोरिनविरहित, अहवाल क्यूआर कोडवर.’

### १०. दुरुस्ती विक्रीच्या दिवसापासून सुरू

पॅटागोनियाने अमेरिकेत रेनो इथे मोठं दुरुस्ती केंद्र चालवून दाखवलं. तुम्हाला सुरुवातीला एक अनुभवी शिंपी, एक मशीन आणि सुट्या भागांचा डबा पुरतो. प्रत्येक लॉटमागे प्रत्येक रंगाचं तीन-चार मीटर कापड बाजूला काढून, लॉट नंबर लिहून ठेवा. त्याच कंपनीच्या झिपचे पाच नंबरचे स्लायडर, बटणं, कॉर्डलॉक, टेपचा एक रोल. सगळ्या मॉडेलना एकाच मापाची झिप वापरली तर हा डबा लहान राहतो.

झिप ‘गेली’ म्हणून येणाऱ्या जॅकेटांत बहुतेक वेळा दात शाबूत असतात, फक्त स्लायडर लाल मातीने झिजून सैल झालेला असतो. वरचा थांबा काढा, नवा स्लायडर चढवा, थांबा परत बसवा. पाच मिनिटांचं काम. अख्खी झिप बदलायची वेळ आलीच तर ती सहज उसवता यावी म्हणून डिझाइन करतानाच झिपवर दुहेरी दुमड आणि टेप एकावर एक येऊ देऊ नका. फाटलेल्या जागी ठिगळाचे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरे आधी सुटतात.

दुरुस्तीचा दर आधीच जाहीर करा, नव्या जॅकेटच्या किमतीत त्याचा थोडा हिस्सा धरा आणि धुतलेलंच जॅकेट स्वीकारा. एक नोंदवही ठेवा: लॉट नंबर, किती महिने वापरलं, काय तुटलं, कुठे. एकाच लॉटची काखेतली टेप तीन-चार जणांकडून सुटून आली तर उरलेला माल विक्रीतून काढा, टेप बदलून घ्या आणि ज्यांनी ते जॅकेट आधीच घेतलं आहे त्यांना स्वतःहून फोन करा.